कोरमला आलेला माणूस

सोमवारी मधल्या सुट्टीत फोन वाजला की वर्षाराणी डबा उघडा टाकून स्टाफरूमच्या बाहेर पडायची. बरोबरच्या बायकांना वाटायचं, नवऱ्याचा फोन असेल, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी लाजते बिचारी. त्यांनी थट्टाही करून पाहिली. वर्षाराणी हसून वेळ मारून न्यायची. नवऱ्याचा फोन असता तर किती बरं झालं असतं, असं तिला दर सोमवारी वाटायचं. फोन देगलूरच्या दयानंदचा असायचा. तो घ्यायला ती थेट कॉलेजमागच्या पाण्याच्या टाकीपाशी जायची, कारण तिथे पोरांचा गलका आणि घंटेचा आवाज जरा कमी येतो.

"काय म्हन्ते ताई ऑफिस? आपल्या अर्जाचं काही हललं का?"

"फाईल अजून उपसंचालक कार्यालयातच आहे म्हणाले."

"बरं बरं. घाई न्हाई. मी सारखा फोन केला तर त्यांना वाटंल, लई मागं लागला मानूस. तुम्ही लातूरलाच हायत, म्हणून तुम्हालाच तरास देऊन राहिलो."

"त्रास कसला. काही कळलं की कळवते."

फाईल कुठल्याही कार्यालयात गेलेली नव्हती. ज्या इंग्रजीच्या जागेसाठी दोघांनी अर्ज केला होता, त्या जागेवर वर्षाराणी जुलैपासून रुजू होती. बारावीच्या दोन तुकड्या तिच्याकडे होत्या. ज्या ऑफिसात जाऊन विचारा असं दयानंद सांगायचा, त्या कॉलेजच्याच ऑफिसातला कारकून तिला रोज चहा घेणार का म्हणून विचारायचा.

हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर ऐकणारा तिला नुसतीच लबाड समजेल. लबाड ती नव्हती. भिडस्त होती, आणि भिडस्त माणूस लबाडापेक्षा जास्त खोटं बोलतं, हे ज्यांना भिडस्त नातेवाईक आहेत त्यांना ठाऊक असेल.

तिचे सासरे उद्धवराव निवृत्त मुख्याध्यापक. कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष कधीकाळी त्यांच्या वर्गात बसलेले. सूनबाई इंग्रजीत एम.ए. आहे आणि घरात मेथी निवडत बसते, असा शब्द उद्धवरावांनी टाकला आणि काम झालं. पण काम झालं तरी मुलाखत दाखवावी लागते, आणि मुलाखतीला निदान तीन उमेदवार लागतात. एकातून एक निवडला असं कागदावर लिहिता येत नाही. म्हणून आपल्याकडे रीतच पडलीय, ज्याचं ठरलंय त्यानंच बाकीचे दोघं शोधून आणायचे. याला कोरम भरणं म्हणतात. आज मी तुझ्या कोरमला येतो, उद्या तू माझ्या ये. येणारा माणूस दोन वाक्यं बोलतो, सही करतो, चहा पितो आणि आपल्या गावाला जातो. यात कुणी कुणाचं वाईट वाटून घेत नाही.

पहिला फोन तिनं निलंग्याच्या रेवणसिद्धला केला. तो तिच्या नवऱ्याचा मित्र. तो म्हणाला, "येतो की वैनी. तिथं काय बोलायचं न्हाई तेवढं सांगून ठेवा." झालं, अर्धं ओझं उतरलं.

दुसरा फोन दयानंदला. नांदेडला विद्यापीठात दोघं एका वर्गात होती. आता तो देगलूरला तासिकेवर शिकवायचा, कधी इथे तर कधी तिथे. जिथे तिथे अर्ज करून झाले होते. वर्षाराणीनं बोलायची दोन वाक्यं आधीच जुळवून ठेवली होती. आमच्या इथे इंग्रजीची जागा निघालीय, अर्ज करता का, हे पहिलं. जागा माझीच ठरलीय, तुम्ही फक्त कोरमला या, हे दुसरं. पहिलं वाक्य तिनं बोलून टाकलं आणि श्वास घ्यायला थांबली.

मग तो म्हणाला, "ताई, तुम्हाला माझी याद आली. जागा हाय म्हणून आपणहून फोन करणारं तुम्ही पहिलंच मानूस." आणि फोन तोंडासमोरून न हलवताच त्यानं हाक मारली, "आई, लातूरला जागा निघालीय. वर्षाताई सांगून राहिल्या."

दुसरं वाक्य वर्षाराणीच्या घशाशी आलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. मुलाखतीच्या दिवशी भेटल्यावर सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं.

मुलाखतीच्या दिवशी तो देगलूरहून पहिल्या गाडीनं आला. इस्त्रीचा शर्ट पिशवीत घालून आणला होता, तो त्यानं बसस्थानकावर बदलला. रेवणसिद्ध सांगितल्याबरहुकूम दोन वाक्यं बोलून बाहेर आला. दयानंद मात्र आत गेला तो लवकर बाहेर येईना. दाराला कान लावायची गरज नव्हती, आवाज पॅसेजभर येत होता. त्यानं पॅनेललाच वर्ग समजून धडा शिकवायला घेतला होता. मध्येच प्रश्न विचारत होता आणि आतली मोठी मोठी माणसं उत्तरं देत होती. अध्यक्षांनीसुद्धा मोबाईल खाली ठेवला, असं शिपाई नंतर सांगत होता. नंतर चहाच्या टपरीवर रेवणसिद्ध वर्षाराणीकडे बघून मिशीत हसला, "पेढे कधी, वैनी?" दयानंद म्हणाला, "ज्याचं होईल त्यानं द्यायचे. ताईचं झालं काय अन् माझं झालं काय." आता त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? वर्षाराणीनं चहा ओठाला लावला आणि जीभ पोळून घेतली.

तेव्हापासून सोमवारचे फोन सुरू झाले. आधी अध्यक्ष बाहेरगावी होते. मग आचारसंहिता लागली. मग फाईल उपसंचालकांकडे गेली ती तिथेच राहिली. मागच्या सोमवारी काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागायचं. शिक्षकदिनाला सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला, तेव्हा ती बुटाचा बंद बांधायला खाली वाकली. तिच्या पायात चप्पल होती. फोटो कुणीतरी टाकेल, तो फिरत फिरत देगलूरला जाईल, ही भीती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"एक फोन कर आणि सांगून टाक," राघवेंद्र, तिचा नवरा म्हणायचा. "तो काय खाणार आहे का तुला?"

"खाणार नाही म्हणून तर सांगवत नाही," ती म्हणायची. दयानंद रागावणारा माणूस असता, तर तिनं केव्हाच सांगून टाकलं असतं. "दिवाळी होऊ दे. सणासुदीचं कशाला."

दिवाळी झाली. आणि एक दिवस सोमवार नसताना त्याचा फोन आला. वर्षाराणीनं तो भीत भीतच उचलला. कळलं वाटतं याला.

"ताई, नांदेडला इंग्रजीची जागा निघालीय. कनिष्ठ महाविद्यालय हाय. तुम्ही पन अर्ज टाका. अन् मुलाखतीला यायचंच बघा, न्हाई म्हनू नका."

तिनं क्षणभर विचार केला आणि तिला एकदम हलकं वाटलं. म्हणजे याचंही कुठेतरी ठरलं. आता याला कोरमला माणूस हवंय, आणि यानं हक्कानं आपल्याला बोलावलंय. आपण जायचं, गप्प बसायचं, जागा त्याची होऊ द्यायची. मग तो लातूरच्या फाईलचं नाव काढणार नाही, आणि आपलं ते दुसरं वाक्य बोलायची वेळच येणार नाही. फिटंफाट. "येते की," ती म्हणाली, "नक्की येते." त्या संध्याकाळी तिनं घरात कुणाला काही कारण न सांगता शिरा केला.

कॉलेजात तिनं रजा टाकली, कारण दिलं नातेवाइकाच्या कामाचं. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा आलं, आणि गाडीत बसून वर्षाराणी वाईट कसं शिकवायचं याची तयारी करत होती. पुस्तकातून डोकं वर काढायचं नाही. पोरांकडे पाठ आणि फळ्याकडे तोंड करायचं. पोरांना प्रश्न विचारायचे नाहीत. इतक्या मन लावून तिनं चांगल्या तासाची तयारीसुद्धा कधी केली नसेल.

दयानंद नांदेडच्या बसस्थानकाच्या फाटकात उभा होता. तोच शर्ट, बुटांना पॉलिश. त्यानं तिच्या हातात कापडात बांधलेलं गाठोडं दिलं.

"हे काय?"

"आईनं दिलंय. धपाटे हायत, शेंगाची चटणी हाय. म्हनली, ज्या बाईनं जागा सांगितली तिला रिकाम्या हातानं भेटू नको."

गाठोडं अजून कोमट होतं. वर्षाराणीला ते पर्समध्ये ठेवता येईना आणि हातातही धरवेना. आज फेड होतेय, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ती रिक्षात बसली.

या कॉलेजच्या प्राचार्या गोदावरी मॅडम निवृत्तीला आलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. इथे पॅनेलसमोर बोलायचं नव्हतं. अकरावीच्या खऱ्याखुऱ्या वर्गावर शिकवायचं होतं आणि मॅडम मागच्या बाकावर बसणार होत्या. वर्षाराणीनं ठरवल्याप्रमाणे सगळं केलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी आधी उत्साहानं पुस्तक उघडून बसली होती, तिनं हळूहळू हनुवटी तळहातावर टेकवली. मागे कुणीतरी जांभई दिली. आपला तास इतका वाईट गेला म्हणून समाधान वाटलेली ती त्या दिवशी साऱ्या मराठवाड्यातली एकटीच शिक्षिका असावी.

बाहेर आल्यावर गोदावरी मॅडम म्हणाल्या, "दयानंद तुमच्याबद्दल फार सांगत होते. शिकवण्यात त्यांच्याही पुढे म्हणाले."

"ते काहीही सांगतात," वर्षाराणी म्हणाली.

"तब्येत बरी नाही का आज?"

"बरी आहे."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. तो नांदेडचाच कुणी होता. त्याच्यानंतर दयानंद गेला. वर्षाराणी जिन्याखाली बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसली. वरून पोरांचा हसण्याचा आवाज आला, मग एकदम शांतता, मग पुन्हा हसणं. तिला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी तिला इतकं बरं वाटत होतं.

दयानंद खाली आला तो घाम पुसत.

"काय झालं?"

"मॅडम म्हन्तात, उद्यापासून या. दुसरं सत्र लागलंय, पोरं बसून हायत."

"मग? अभिनंदन."

"मी थांबा म्हनलं."

"का?"

"लातूरचा निकाल लागायचाय ना." तो तिच्या शेजारी बसला. "मी त्यांना सगळं सांगितलं. म्हनलं, लातूरला एक जागा हाय, इथं एक हाय, अन् आमी दोघं हाव. लातूरला माझं झालं तर इथं ताईला घ्या. आज त्यांचा तास जरा असा झाला, प्रवासानं झाला असंल, पन त्यांचं शिकवणं मी ऐकलेलं हाय. दोन जागा, दोन मानसं. कुणाचंच नुकसान न्हाई. मॅडम म्हनल्या, मला तुमच्या लातूरचं काय देणंघेणं, आजच्या आज सांगा, न्हाई तर नांदेडच्या त्या पोराला घेते."

वर्षाराणीला नीट ऐकू आलं की नाही तेच कळेना. "पण हे तर तुमचं आधीच ठरलेलं होतं ना? मी कोरमला..."

"ठरलेलं?" तो हसला. "माझं कुठं ठरतंय ताई. पेपरात जाहिरात दिसली. म्हनलं, तुम्ही मला सांगितलं होतं, आता मी तुम्हाला सांगावं. कोरमला बोलवायला तुम्ही का परक्या हायत?"

जिन्यावरून पोरं खाली धावत गेली. वर्षाराणीनं त्यांना जाऊ दिलं. आता बोलायलाच हवं होतं, आणि बोलायला एक फार सोपी गोष्ट तयार होती. सोमवारच्या इतक्या थापांनी जिभेला वळण पडलं होतं, ती आपसूक वळली.

"दयानंदभाऊ, तुम्ही ही जागा घ्या. तुम्ही वर असताना मला लातूरहून फोन आला. फाईल आली. माझी निवड झाली."

त्याचा चेहरा असा फुलला की तिनं खाली बघितलं. "मी म्हनलं नव्हतं का," तो म्हणत राहिला, "मी म्हनलं नव्हतं का." आणि तिला थांबवता येण्याआधी त्यानं आईला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन दोघांच्या मध्ये धरला. "आई, ताईचं लातूरला झालं. अन् माझं नांदेडला."

त्याच्या आईला, साखराबाईंना, आधी नीट कळलं नाही. मग कळलं. "दोघांचंबी?" त्या म्हणाल्या. "देवानं ऐकलं गं माय. मी रोज दोघांचं नाव घेऊन दिवा लावते. आधी तुझं घेते बाई, मग ह्याचं. तू वाट दावलीस ना त्याला. धपाटे खाल्लेस का?"

"नाही अजून," वर्षाराणी म्हणाली.

"खा गं. उपाशी राहू नको."

फोन ठेवून दयानंद उठला आणि जिना चढायला लागला. प्रकरण मिटलं होतं. त्याला नोकरी मिळाली होती, तिची अब्रू झाकली गेली होती, देगलूरला एक म्हातारी खूश होती. एवढं सगळं नीट बसलेलं असताना वर्षाराणीच्या घशातलं ते जुनं वाक्य हललं. आणखी एक सोमवारसुद्धा आपल्याला हे पेलणार नाही, हे तिला लख्ख कळलं.

"थांबा," ती म्हणाली. "आज कुठलाही फोन आला नाही. मी जुलैपासून तिथे नोकरीवर आहे."

तो पायरीवरच वळला. "कुठं?"

"लातूरला. त्याच जागेवर. ती माझीच ठरलेली होती, सासऱ्यांनी शब्द टाकला होता. तुम्हाला मी कोरमला बोलावलं होतं. तेवढं सांगायचं राहून गेलं."

तो एक पायरी खाली उतरला. मग एकेक आठवत असल्यासारखं विचारू लागला. "म्हंजे मी सोमवारी फोन करत होतो तवा तुम्ही..."

"कॉलेजातच असायची. टाकीपाशी जाऊन बोलायची."

"फाईल?"

"फाईल कुठे गेलीच नव्हती."

"रेवणसिद्धला माहीत होतं?"

"हो."

"मग माहीत नसलेला मी एकटाच," तो म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही. "कोरमला मी लई ठिकाणी गेलोय. उदगीरला गेलो, मुखेडला गेलो. कोरमला जाताना कुणी धडा पाठ करत न्हाई, अन् घरी आईला सांगत न्हाई. तुम्ही म्हनला असता तरी आलो असतो, मॅडम."

इतक्या वर्षांत त्यानं तिला मॅडम म्हटलं नव्हतं. वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "चुकलं माझं," आणि गाठोडं त्याच्यापुढे केलं. "हे मला नको. आईंना सांगा..."

"ते आईनं दिलंय, मी न्हाई," तो म्हणाला. "घेऊन जा. आईला मी काही सांगणार न्हाई. तिचा दिवा चालू द्या." आणि तो वर गोदावरी मॅडमना होकार द्यायला गेला. वर्षाराणी तो खाली यायची वाट बघत बसली. बराच वेळ झाला तरी तो आला नाही. दुसऱ्या बाजूलाही एक जिना आहे, असं शिपायानं सांगितलं.

परतीच्या गाडीत लोह्याच्या पुढे शेजारची बाई म्हणाली, "काय छान वास येतोय हो." वर्षाराणीनं गाठोडं सोडून अर्धे धपाटे तिला दिले. उरलेले घरी नेले. राघवेंद्रनं चवीनं खाल्ले आणि विचारलं, "सांगितलंस?" ती हो म्हणाली. "मग आता मोकळी झालीस," तो म्हणाला. पुरुषांना असं वाटतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत फोन वाजला नाही. तरी वर्षाराणी डबा झाकून टाकीपाशी गेली. उभी राहिली. घंटेला अजून वेळ होता. शेवटी तिनंच नंबर लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला. मागे पोरांचा गलका होता, म्हणजे तो कॉलेजातच होता.

"दयानंदभाऊ, मी वर्षाराणी. रुजू झालात का? सगळं नीट आहे ना?"

"हाव, नीट हाय."

"आई कशा आहेत?"

"बऱ्या हायत."

ती म्हणाली, "कधी लातूरला आलात तर घरी या. आईंनाही घेऊन या."

"काही असलं की कळवतो, मॅडम," तो अगदी सभ्यपणे म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. या वाक्यानंतर कुणी काही कळवत नसतं, हे वर्षाराणीला कुणी सांगायची गरज नव्हती. घंटा झाली. बारावीचा तास होता, ती वर्गावर गेली.